ढगाखालचा नाला

"मंजूषाबाई, जे दिसलं नाही तिथं काळं ठेवायचं. अंदाजानं रंगवायचं नाही." उदय सर जाऊन दोन वर्षं झाली, तरी कामाला बसताना मंजूषाच्या कानात हे यायचंच, जेवणाआधीच्या श्लोकासारखं.

तिचं काम तसं अजबच. जो उपग्रह अजून उडालाच नव्हता, तो आधी संगणकात उडवायचा. त्याची कक्षा, त्याचा कॅमेरा, ऊन, मधली हवा, सगळं आकड्यांत मांडून त्याला वरून भोपाळ कसं दिसेल ते काढायचं. या खेपेचा उपग्रह पावसाळ्याआधी उडणार होता आणि प्रश्न एवढाच होता, की कोटऱ्याकडचा नाला पावसाळ्यात फुगला, तर तो उपग्रहाला वेळेत दिसेल का?

मंजूषानं हे गणित सरांच्या पद्धतीनं चालवलं तेव्हा पावसाळ्यातली बहुतेक चित्रं काळीच आली. ढगच ढग. मग सरांच्या खुर्चीत आलेल्या ऋतुजानं त्या काळ्या जागांत उन्हाळ्यातला नाला भरला, कोरडाठाक. चित्र स्वच्छ झालं. अहवालात आलं, 'प्रत्येक फेरीत नाला दिसतो.'

आज तो अहवाल मंजूर झाला. पेढे आले.

"घ्या ना ताई!" ऋतुजानं खोका पुढे केला.

"संकष्टी आहे माझी." मग हळूच, "ऋतुजा, खरा पूर आला तरी आपल्या चित्रात तो नाला कोरडाच दिसेल गं."

"अरे ताई, आज आभाळ आलंय. चंद्र दिसला नाही तर पंचांगातली वेळ बघून उपास सोडणारच ना तुम्ही? मॉडेलनं तेच केलं. क्या फर्क है?"

सगळे हसले.

"चंद्र ठरल्या वेळी उगवतो, म्हणून पंचांग चालतं. नाल्याला कुठलं आलंय पंचांग?"

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललात? सही तर तुमचीपण आहे."

बोलली होती ती. दोनदा. पण तिचा आवाज पंख्याच्या वर कधी जात नाही, आणि अशा बाईचं बोलणं लोक होकारातच धरतात. सहीचा कागद पुढे आला तेव्हा मात्र हात मागे घेणं तिला जमलं नव्हतं.

तिला रोज दूर्वा आणून देणारी लीलावती त्याच नाल्याच्या काठावर राहायची. नवरा, शंकर, अंथरुणाला खिळलेला. गेल्या पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला खाटेसकट बाहेर काढलं होतं. आता वरून उपग्रह बघणार, आधी इशारा मिळणार, असं वस्तीत कुणीतरी सांगून गेलं होतं. सकाळी दूर्वांची जुडी हातात देत लीलावतीनं विचारलं, "दीदी, पावसाळ्यापुरतं बहिणीकडे वरच्या मजल्यावर जाणार होतो. पण ह्यांना हलवायचं म्हणजे फार हाल होतात हो. तुमचा तो वरून बघणार असेल, तर राहू का इथंच?"

"संध्याकाळी येऊन सांगते," मंजूषानं शब्द दिला होता.

ऑफिस सुटलं. ऋतुजा फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो, हो, हंड्रेड परसेंट!" अहवाल आता मागे येणार नव्हता. वस्तीत आणखी कितीतरी घरं होती, त्यांना कोण सांगणार, हेही मंजूषाला कळत नव्हतं. घरी मोदकांची उकड काढायची होती, आरती व्हायची होती. पाण्याचा एक घोट घेऊन तिनं पदर सारखा केला आणि ती खाली उतरली.

ओळखीच्या रिक्षावाल्यानं मान वळवली. "घरीच ना, दीदी? नेहरू नगर?"

"नहीं भैया," ती हळूच म्हणाली. "आज पहले नाले तक."