एकाच तारखेचं घर

खिडकीपलीकडच्या बाईंनी सगळे कागद शेजारीशेजारी मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवला. सासूबाईंचा जन्म एक जूनचा, त्यांच्या मुलाचा एक जूनचा, आणि गेलेल्या सासऱ्यांच्या मृत्युदाखल्यावरही जन्मतारीख एक जूनच. कागद खोटे आहेत असं काही बाई म्हणाल्या नाहीत, पण सासूबाईंच्या इथे राहण्याच्या परवान्यावर मारायला काढलेला शिक्का त्यांनी पुन्हा खणात टाकला.

सून काचेपाशी आणखी पुढे सरकली. सासरे गेल्यावर गावाकडच्या घराला कुलूप लावून सासूबाईंना इथे परदेशात आणलं होतं. परवाना नाकारला तर ते कुलूप त्यांनी एकटीने जाऊन उघडायचं, या विचाराने तिला आठवडाभर घास गोड लागत नव्हता. त्यात नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणजे दुभाषेपणही तिच्याच गळ्यात.

सासूबाई मात्र निवांत होत्या. "तिला सांग, आमच्या वर्गात सगळेच एक जूनचे. तेव्हा तारखा कोण लिहून ठेवत होतं? शाळेत नावं घालताना गुरुजींनी एका दुपारी चाळीस बाळंतपणं उरकली. पुढे माझ्या लेकाच्या वेळीही तेच."

सुनेने जमेल तसं ते सांगितलं. बाळंतपणांपाशी अडखळली, तिथे हातवारे केले. बाई आधी बघतच राहिल्या, मग खांदे हलवत हसल्या आणि गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी काचेला लावलं. जन्म, एक जानेवारी. त्याही लहानपणी बाहेरूनच आलेल्या. निर्वासितांच्या छावणीतल्या कारकुनाने रांगेतल्या सगळ्यांना तीच तारीख वाटली होती.

"म्हणजे हिलाही गुरुजी भेटले होते तर," सासूबाई म्हणाल्या.

दोन ओळींचं प्रतिज्ञापत्र झालं, सही झाली, शिक्का बसला. सुनेचा जीव भांड्यात पडला. कागद सरकवताना बाईंनी सहज विचारलं, मग तुमचा वाढदिवस करता तरी कधी?

सुनेने प्रश्न सांगितला, तशी सासूबाईंनी मान हलवली. "आजवर कुणी विचारलंच नाही गं."

सुनेच्या मनाला ते लागलं. तिनेही कधी विचारलं नव्हतं. शिक्क्याची शाई अजून ओली होती. त्यातल्या आजच्या तारखेवर तिने बोट ठेवलं. "आई, हा चालेल?"

सासूबाईंनी निरखून पाहिलं. "चालेल. पण त्या खिडकीतल्या पोरीलाही संध्याकाळी जेवायला बोलव. तिचाही आजच उरकून टाकू."