वेचणारणीचा काटा

तुळसाबाईनं तीन महिने प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा, प्याला घेतला नव्हता, आणि त्याचं कारण अख्ख्या मंडळीला पाठ होतं. कारण म्हणजे बाबाराव.

मारेगावजवळच्या त्या पंचवीस घरांच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुना नियम होता. ज्या दोघांचं बिनसलंय, त्यांनी आधी समेट करायचा आणि मग दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून प्याला घ्यायचा. एकानं नाही म्हटलं की दुसराही उपाशी. त्यामुळे बाबारावही तीन महिने कोरडेच होते, पण ते दर महिन्याला उठून सांगायचे, "मी तं माफ केलं. बाईच अडून बसली." एवढं बोलून ते असा चेहरा करून बसत की बायकांना त्यांचीच कीव यायची.

खरी गोष्ट वेगळी होती. तुळसाबाई त्यांच्या वावरात किलोमागे मजुरीवर कापूस वेचायला जायची. वीस किलो वेचला की बाबारावांच्या काट्यावर सतरा भरायचा. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि बाबाराव ती तूट बायकांच्या गाठोड्यांतून भरून काढत होते. तुळसाबाईनं विचारलं, तर म्हणाले, "तुह्या डोळ्यात दोष हाये."

प्याला समोरून निघून जाताना तुळसाबाई त्याला शेवटच्या बाकापर्यंत नजरेनं पोचवायची. तिला तो हवा होता, अगदी पोटातून हवा होता. पण खोट्याला खरं म्हणून तिला तो घ्यायचा नव्हता.

मग कापणीचा सण आला. त्या दिवशी जो तो शेतातलं काहीतरी देवाला आणायचा आणि ते सगळ्यांसमोर तोललं जायचं. उपासना चालवणारे पाळक विठ्ठलराव तुळसाबाईला म्हणाले, "बाई, बाबारावांच्या घरून काटा आणता काय?"

बाबाराव तोवर मंडळीच्या देवळात येऊन पहिल्या बाकावर बसले होते. घरी त्यांची बायको कुंदा चुलीपाशी होती. पडवीत दोन काटे टांगलेले होते, एक बाजारात माल नेताना लागणारा आणि एक वेचणारणींचा.

"कोणता नेऊ, वहिनी?"

"ने कोणता बी, मले काय त्याचं."

तुळसाबाईनं कोणता उचलला ते सांगायला नको. रस्ताभर ती एकटीच हसत आली.

बाबाराव गाठोडं घेऊन पुढे आले, घसा खाकरला. "वीस किलो हाये. घरून तोलूनच आणला. देवाच्या कामात हात आखडता कायले घ्यायचा?"

विठ्ठलरावांनी गाठोडं टांगलं, चष्मा सावरला. "सतरा."

"पुन्हा पाहा."

"सतराच हाये, भाऊ."

मागच्या बाकावरून तुळसाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "पाळकसाहेबाच्या डोळ्यात दोष असन."

तिच्यासोबत कापूस वेचणाऱ्या रुपीबाईनं पदर तोंडात कोंबला. बाबारावांनी काट्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. गप्प बसावं तर देवाचे तीन किलो खाल्ले असं ठरत होतं, आणि बोलावं तर बायकांचे.

"काटा खोटा हाये," ते शेवटी म्हणाले. "वेचणारणीचा हाये तो. कापूस वीस किलोच हाये."

देऊळभर हशा पिकला. तीन महिने तुळसाबाईनं हीच घटका मनात घोळवली होती. आता ती आली, तर बाबाराव खाली मान घालून उभे होते, कानशिलं लाल झाली होती, आणि तिला वाटलं होतं तेवढी मजा काही येईना. मेल्याची दयाच यायला लागली, आणि त्याचाही तिला राग आला.

विठ्ठलरावांनी प्याला उचलला आणि दोघांना पुढे बोलावलं. तुळसाबाई गेली. बाबाराव मागे सरकून भिंतीपाशी बसले.

"माह्यं तोंड नाई तिथं यायचं," ते म्हणाले. डोळे भरले होते, आणि या वेळी त्यात नाटक नव्हतं. "मी लायक नाई, तुळसाबाई."

तुळसाबाई तरातरा परत आली. "ते मालूम हाये मले. मी बी लायक नाई, इथं कोणीच नाई. लायक माणसाची वाट पाहात देव बसला असता तं हा प्याला कधीच निघाला नसता. केलं म्या माफ. उठा."

ते उठले. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि तीन महिन्यांनी तुळसाबाईच्या ओठांना तो घोट लागला. तिनं डोळे मिटले, मनापासून आमेन म्हटलं, आणि मग डोळे न उघडताच बाबारावांकडे किंचित झुकली.

"माफी झाली, भाऊ," ती हळूच म्हणाली. "आता कापलेल्या मजुरीचं काय ते सांगा. आम्ही सात जणी हाओत."