सिस्टरचं मौन

इंदापूरच्या त्या खासगी दवाखान्यात स्वरूपा सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन निघाली, की अख्ख्या वॉर्डाला कंठ फुटायचा. सलाईन कधी संपणार, डॉक्टर बारामतीहून निघाले का, डब्यात वांगं चालतं का! त्यात साखरेच्या आजाराने दाखल झालेल्या भागूबाईंचा मुलगा हिंदुराव. कारखान्याच्या निवडणुकीपासून सिस्टरच्या लग्नापर्यंत सगळं त्याला नेमकं तेव्हाच आठवे. गेल्या आठवड्यात त्याला उत्तर देता देता एकाची गोळी दुसऱ्याच्या हातावर गेली. नशीब, ताकदीची होती. पण डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरीच बसा."

स्वरूपा हादरलीच. तिने रागावून पाहिलं, हात जोडून पाहिलं, पण कुणाची टकळी थांबेना. शेवटी तिने बेधडक थाप मारली, "मी खंडोबाला नवस बोललेय. गोळ्या देताना मौन!"

देवाचं नाव निघालं आणि वॉर्ड चिडीचूप. हिंदुराव तर ओठांवर बोट ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दटावू लागला. स्वरूपाला स्वर्ग दोन बोटं उरला.

एका सकाळी तिने भागूबाईंच्या खाटेवर पदर ओढून निजलेल्या म्हातारीला उठवलं आणि साखर उतरवायची गोळी तिच्या हातावर ठेवली. पलीकडच्या खाटेपाशी हिंदुराव उभा होता. डोळे बाहेर आलेले, तोंड गच्च मिटलेलं, हातवारे मात्र जोरात. हा आईला सोडून तिकडे काय करतोय? स्वरूपा झटकन म्हातारीकडे वळली.

"आजी, नाव काय तुमचं?"

म्हातारीने मान हलवून वर देवाकडे बोट दाखवलं आणि गोळी तोंडाकडे नेली.

"अहो, नाव सांगा!" स्वरूपा किंचाळली.

"धोंडाबाई."

स्वरूपाने गोळी हिसकावून घेतली. धोंडाबाईंना साखरेचा आजार नव्हता, वर पोटात रात्रीपासून अन्न नव्हतं. म्हातारी तिथेच आडवी झाली असती.

"खाटा कुणी बदलल्या?"

"तिकडं निजलं की पाय दक्षिणेला येत्यात," धोंडाबाई म्हणाल्या. "भागूबाईला हितला पंखा सोसंना. मग केली अदलाबदल."

"आणि हिंदुराव, तुम्ही बघत उभे?"

"तुमचं मौन मोडलं असतं की वो!" हिंदुराव रडकुंडीला आला होता.

दुसऱ्या दिवशी स्वरूपाने खंडोबाच्या नावावर आणखी एक थाप खपवली: ज्याला गोळी, त्याने आधी आपलं नाव सांगायचं. बाकीच्यांनी गप्प.

सगळं सुरळीत चाललं. ट्रे दारापाशी पोचला, तेव्हा मागून कुणीतरी पदर ओढला. हिंदुरावच. हात पसरून कुजबुजला, "सिस्टर, मला बी एखादी ताकदीची द्या की. सकाळपास्नं एक शबुद बोललो न्हाय."