वाद झाल्यास लहानाचं खरं

जुळ्यांच्या घरी मोठं कोण यावरून भांडणं होतात, असं म्हणतात. या घरात पंचेचाळीस वर्षं भांडण चाललं होतं ते लहान कोण यावरून. दोघंही आता पन्नाशी ओलांडलेले. त्याच्या डोक्यावर केस नावापुरते, तिला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. तरी "लहान मी" म्हणताना दोघांच्या आवाजाला अशी धार चढायची, की नवख्या माणसाला वाटावं, आत कुणीतरी खाऊ वाटतंय.

याचं मूळ एका खोक्यात होतं. आई पडदे शिवायची. एका गिऱ्हाइकाने खिडक्यांची मापं घ्यायला बोलावलं आणि निघताना, "आमचा मुलगा आता मोठा खेळ खेळतो," असं सांगून हे जुनं खोकं तिच्या हातात ठेवलं. आत लढाईचा खेळ होता, लहान मुलांसाठी सोपा करून दिलेला. बोटाच्या पेराएवढे लाल प्लास्टिकचे सैनिक, तेवढेच निळे, पुठ्ठ्याची टेकडी, तीन झुडपं, एक पूल आणि मधोमध ठेवायची करड्या रंगाची रसदगाडी. गाडीला खेचर जोडलेलं. खेचराला कान एकच, दुसरा त्या आधीच्या मुलाने चावून खाल्ला असावा. जो ही गाडी आपल्या छावणीत नेईल, तो जिंकला.

नियमांची पुस्तिका चार पानांची, त्यातही निम्मी चित्रं. सैनिक एका पाळीत सहा इंच चालतो. फाशावर पाच किंवा सहा पडले, की समोरचा सैनिक थकला. थकलेला छावणीत जातो, एक पाळी झोपतो आणि ताजातवाना होऊन परत येतो. या युद्धात कुणी मरत नसे. आणि चौथा नियम असा: वाद झाल्यास वयाने लहान खेळाडूचं म्हणणं खरं मानावं.

नियम लिहिणाऱ्याने जुळ्यांचा विचार केलेला नव्हता.

पहिल्याच डावात वाद झाला. दोघंही एका सुरात "लहान मी" म्हणाले आणि आईकडे धावले. आई मशीनवर होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण सांगणार नाही."

का सांगणार नाही, तेही सांगितलं नाही. टाचण्या परत तोंडात गेल्या.

तेव्हापासून आई पंच झाली. खेळातली पुठ्ठ्याची पट्टी आठवडाभरात मोडली, म्हणून मापं आईच्या गळ्यातल्या शिवणकामाच्या टेपने घेतली जाऊ लागली. रणांगण म्हणजे तिचं कापड कापायचं टेबल. गिऱ्हाइकाचं कापड आलं, की दोन्ही सैन्यं मुकाट्याने खोक्यात जायची, कारण पडद्यांवर घर चालत होतं. लाल सैन्य भावाचं, म्हणून तो लाल्या. निळं बहिणीचं, म्हणून ती निळी. ही नावं अशी चिकटली, की खरी नावं फक्त बँकेत उरली.

लाल्या पुढे कवळ्या बनवू लागला. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि लाल्या त्यावर दात बसवायचा. बारीक कामाची सवय त्याला कुठून लागली, हे वेगळं सांगायला नको. ऐन तारुण्यात त्याने मोठा खेळही खेळून पाहिला होता. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं ना, "आता तुम्ही मोठ्या खेळासाठी तयार आहात!" म्हणून तो एका मंडळात गेला. तिथल्या नियमांचा ग्रंथ उशाला घेण्याजोगा होता. वाऱ्याची दिशा, चिखलाची खोली, सैनिकांचं मनोधैर्य, सगळ्याचे तक्ते. दाढीवाले गृहस्थ एका तोफेच्या कोनावरून दुपारभर खल करत आणि लढाई कधीच संपत नसे. तिथे सैनिक मरायचे आणि मेले, की मेलेलेच राहायचे. लाल्याचं मन काही रमलं नाही. आजही कवळीला पॉलिश करता करता त्याला त्या चार पानांची आठवण यायची. सहा इंच चाला, फासा टाका, थकलात तर झोपा. एवढ्यावर माणसाचं भागायला हवं होतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

निळी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता आणि सवयीने ती घरातही कुणाचं बोलणं पटलं नाही, की उजवा पाय जमिनीवर दाबायची. लाल्यासमोर बसली, की तिचा पाय बहुतेक दाबलेलाच असे.

आणि आता आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. मनगट मोडलं. शेजारच्या कुलूपवाल्याच्या कानावर तिचा आवाज गेला म्हणून बरं, असं दोघंही धरून चालले होते. निळीने त्याला फळांची टोपली नेऊन दिली. ते कळल्यावर लाल्याने त्याहून मोठी नेऊन दिली. आता प्लास्टर निघालं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, "यांना एकटं ठेवू नका."

"माझ्याकडे राहील," लाल्या म्हणाला. "मी खोली रंगवून घेतलीय."

"माझ्याकडे," निळी म्हणाली. "मी न्हाणीघरात धरायला दांडे आणलेत. रंगाला धरून उठणार आहे का ती?"

"मी इथेच बरी आहे," आई म्हणाली. "माझं मशीन इथे आहे."

"तू थांब गं जरा," दोघंही म्हणाले. त्यांचं एकमत झालेली ही त्या महिन्यातली एकमेव गोष्ट.

भांडण तीन आठवडे चाललं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. शेवटी एका रविवारी दुपारी लाल्यानेच कपाटावरून ते खोकं काढलं. झाकणाचे कोपरे चिकटपट्टीने जोडलेले होते, चिकटपट्टी पिवळी पडली होती. आतला प्लास्टिकचा वास मात्र तसाच होता. लाल्याला क्षणभर बरं वाटलं. इतकं बरं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"एक डाव," तो म्हणाला. "जिंकेल त्याच्याकडे आई."

निळीने चष्मा लावला. "निळे माझे," ती म्हणाली, जणू त्याबद्दल कुणाला शंका होती.

आईने टेबलावरचं शिवण बाजूला केलं. तिला कुणी विचारलं नाही, पण टेप तिने आपणहून गळ्यातून काढला. पंच कोण, हे विचारायची गोष्टच नव्हती.

डाव रंगला. निळीने नेहमीप्रमाणे पुलावरून धडक मारली, लाल्याने नेहमीप्रमाणे टेकडीमागून. दोघांनाही एकमेकांच्या चाली पाठ होत्या. लाल सेनापती थकला आणि झोपायला गेला, तेव्हा निळी सात वर्षांची असताना हसायची तशीच, नाकातून हसली. लाल्याला तो खिजवणारा आवाज ऐकून राग यायला हवा होता. त्याला वाटलं, हा डाव संपूच नये.

पण डाव संपत आला. गाडी मधोमध उभी होती. लाल्याचा एक सैनिक तिच्यापासून जेमतेम एका चालीच्या अंतरावर आणि पाळी त्याची. गाडीला सैनिकाचं बोट लागलं, की गाडी त्याची, आणि छावणीपर्यंतच्या वाटेत निळा एकही उभा नव्हता. आईने टेप लावला. एक टोक दुखऱ्या हाताने दाबून धरवेना, म्हणून तिने त्यावर कात्री ठेवली.

"सहा इंच," आई म्हणाली. "लागतोय."

"थांब," निळीचा पाय दाबला गेला. "तो टेप कापडी आहे. इतकी वर्षं ओढून ओढून ताणलाय. तुझी स्टीलची पट्टी काढ, लाल्या. खिशात असते तुझ्या."

खिशात होती. लाल्याने ती नाइलाजाने काढली. स्टीलच्या पट्टीवर अंतर सहा इंचांहून दोन दातांमधल्या फटीएवढं जास्त भरलं.

"नाही लागत," निळी म्हणाली.

"या खेळात आईच्या टेपचं माप धरतात. पहिल्यापासून."

"चुकीचं माप पहिल्यापासून धरलं म्हणून बरोबर होतं का?"

"झाला वाद," लाल्या म्हणाला. "चौथा नियम. लहान मी."

"लहान मी!"

दोघांनी एकदम आईकडे मान वळवली. मशीनच्या वरच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि आईचा प्लास्टरमधून निघालेला हात पांढराफटक, बारीक दिसत होता. दुसऱ्याच कुणाचा तरी लावून दिल्यासारखा.

"आई, आता तरी सांग," लाल्या म्हणाला. "आज खेळण्यातली गोष्ट नाही. कुणाचं खरं, ते ठरायला हवं."

आई टेप बोटांभोवती गुंडाळू लागली.

"सांगते," ती म्हणाली. "त्याआधी दुसरं एक सांगते. मी पडले ना, तेव्हा कुलूपवाल्याला माझा आवाज ऐकू गेला नव्हता. मी ओरडलेच नाही. फोन हाताशी होता."

"मग आम्हाला का नाही केलास?" निळीने विचारलं.

"तेच ठरेना. पहिला कुणाला करू? ह्याला केला, तर तू वर्षभर ऐकवणार. तुला केला, तर हा तोंड फुगवून बसणार. फरशी गार होती. मनगट सुजत चाललेलं आणि मी आपली विचार करतेय. बराच वेळ गेला. शेवटी कुलूपवाल्याला लावला. त्याला म्हटलं, पोरांना सांग, आवाज ऐकून आलास."

लाल्याच्या डोळ्यांसमोर कुलूपवाल्याचा चेहरा आला. दुसरी टोपली घेताना तो बिचारा इतका का संकोचला होता, ते आता कळलं. मग ती गार फरशी डोळ्यांसमोर आली आणि लाल्याला लाज वाटली, कानापर्यंत. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि आपल्या आईला मनगट मोडलेलं असताना आपला रुसवा आठवतो.

त्याने पट्टी खिशात ठेवली.

"सांगायची गरज नाही," तो म्हणाला. "मोठा मी आहे."

निळीने त्याच्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पदराला पुसायला गेली, अंगात पँट-शर्ट होता म्हणून बाहीला पुसला.

"काहीतरीच," ती म्हणाली. "तुला जन्मात कधी कुठे वेळेवर पोहोचता आलंय का? आधी मीच आले असणार. मोठी मी."

"मी म्हणतोय ना, मी!"

"मोठ्याने बोललं म्हणजे मोठं होत नाही कुणी. मी!"

आईचा टेप गुंडाळून झाला. तिने तो टेबलावर ठेवला.

"म्हणजे दोघंही मोठे," ती म्हणाली.

"हो," दोघं म्हणाले.

"आपल्या तोंडाने म्हणालात. मग या टेबलाशी लहान राहिलं कोण?"

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण या घरात इतक्या वर्षांत तिसऱ्याचा लाभ कधी झालेला नव्हता, त्यामुळे तो ओळखायला वेळ लागला.

"पण तू खेळाडू नाहीस, आई," लाल्या सवयीने म्हणाला. "तू पंच आहेस."

"ही गाडी कुणाची? लाल की निळी?"

"कुणाचीच नाही. तिच्यासाठी तर लढाई."

"इतकी वर्षं तिला ओढताय. खेचराला कुणी विचारलं?"

आईने तो बारीक हात पुढे केला. एककानी खेचर धरलं आणि गाडी सावकाश आपल्याकडे ओढत नेली, लालांच्या छावणीत नाही, निळ्यांच्याही नाही, टेबलाच्या तिसऱ्या बाजूला, जिथे मशीन होतं. बटणांच्या डब्याशेजारी तिने ती उभी केली.

"ही माझी छावणी," ती म्हणाली. "मी इथेच राहणार. लहानाचं खरं."

निळीने पुस्तिका उघडली. चौथा नियम वाचला, मग पानं उलटून बाकीचेही वाचले. पंचाने खेळू नये, असं कुठेही छापलेलं नव्हतं. चार पानांत पळवाटा मावत नाहीत, हाच तर त्या खेळाचा मोठेपणा होता.

"दांडे गाडीतच आहेत माझ्या," ती शेवटी म्हणाली. "इथेच बसवते."

"तुला भिंतीला भोक पाडता येतं का?" लाल्याने विचारलं.

"कुलूपवाल्याकडून ड्रिल आण. दोन टोपल्या खाल्ल्यात त्याने."

लाल्या ड्रिल घेऊन आला. निळीने न्हाणीघरात मापं घेतली, लाल्याच्या स्टीलच्या पट्टीने, आणि ड्रिल सुरू केलं. इकडे लाल्याने रात्री आईच्या सोबतीला कुणी कधी झोपायला यायचं, ते ठरवायला घेतलं. मग आईच्या फोनमध्ये त्याने दोघांचे नंबर वर आणून ठेवले. एक वर आणि एक त्याच्या खाली आलाच, त्याला इलाज नव्हता. तो बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिला.

"पुन्हा काही झालं, तर आधी मला कर हं," तो म्हणाला.

"आधी मला!" न्हाणीघरातून आवाज आला.

ड्रिल थांबलं. लाल्याने फोन आईच्या मशीनशेजारी ठेवला.

"तिला कर," लाल्या म्हणाला.

"त्याला केलास तरी चालेल गं," आतून निळी म्हणाली. "पण कर."

"बघते," आई म्हणाली. तिने टाचण्या तोंडात धरल्या आणि मशीन सुरू केलं.