नऊ इंचांची वीत

मी डबा बोलतोय. दुकानात मला कॅबिनेट म्हणत, पण या घरात आल्या दिवसापासून मी डबाच आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. तसं मला कशाचंच फारसं वाटत नाही. पत्र्याचा जीव तो. पुढे एक बटण, मागे तारांसाठी भोकं, बाजूला निघणारं झाकण. कंप्युटरचं डोकं, काळीज, आतडी सगळं माझ्या पोटात बसतं, पण माझं स्वतःचं असं आत काहीच नाही.

माझा जन्म एका दाबयंत्राखाली झाला. वरून ठोका पडला, मी वाकलो, पुढचा ठोका, पुढचा कोपरा. शेकडो भावंडं त्या दिवशी तशीच वाकली. मग काळा रंग मारून मला एका प्रवासी कंपनीच्या बुकिंग ऑफिसात टेबलाखाली ठेवलं. तिथे अकरा वर्षं मी लोकांचे पाय पाहिले. एक कारकून माझ्यावर टाच टेकून बसे. त्याच्यानंतर आलेली बाई माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवी, गरम राहतो म्हणून. मशीन अडकलं की दोघंही आधी मला थापड मारत. आतल्याचा राग बाहेरच्यावर काढायचा, ही माणसांची खोड मला तिथे कळली.

ऑफिस बंद झालं. आतलं सगळं काढून नेलं आणि मी कंप्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात आलो. मला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदाराने, सगळे त्याला पार्टवाला म्हणत, मला दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवलं. त्यात माझी दोन वर्षं गेली. वाईट नव्हती. दाराला अडवायला पोटात काही असावं लागत नाही.

एके दिवशी ती आली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते ती. दिवसातून तीस-चाळीस जणांना "काही दुखणार नाही हं" असं सांगायची तिच्या जिभेला सवय झालेली. हातात कागद होता. घरी गेम खेळता येईल असा कंप्युटर बनवायचाय, एकेक भाग निवडून, कमीत कमी पैशांत, असं ती म्हणाली. पार्टवाल्याने तिची यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मान हलवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हा असाच घेऊन जा. दार मी विटेने अडवतो."

अशी माझी नेमणूक झाली आणि माझ्या जागी वीट लागली.

घर दोन खोल्यांचं. तिची आई बाहेर एका लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालते. वडील सुतार. तीस वर्षं स्वयंपाकघरातली कपाटं केली, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, बायकोसुद्धा. मी आलो त्याच्या चार महिने आधी एका गिऱ्हाइकाच्या घरी, कपाटाला दार लावता लावता त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणंही परत आलं. उजवा हात मात्र निम्म्या वाटेत थांबला.

बोलणं परत आलं खरं, पण मिस्त्री बोलत नसत. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत मिस्त्री. जेवलात का, तर हो. दुखतंय का, तर नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाईने दाबायला एक रबरी चेंडू दिला होता, तो मिस्त्रींच्या मांडीवर दिवसभर नुसता पडून असे. त्या बाईनेच सुचवलं, हाताला असं काही द्या की त्यांना स्वतःहून तो हलवावासा वाटेल. लेकीला आठवलं, लहानपणी बाबा तिला एका दुकानात मोटारींच्या शर्यतीच्या मशीनवर घेऊन जात आणि तिला मुद्दाम कधीच जिंकू देत नसत. म्हणून ही यादी, म्हणून मी.

मला टेबलावर ठेवलं, झाकण काढून. आई कामावरून आली की म्हणे, "आज हात छान दिसतोय." लेक म्हणे, "हो, सुधारतोय." मिस्त्री हाताकडे बघत आणि परत खिडकीकडे. मी रिकामा, ते रिकामे. आमचं बरं जमलं.

आठवड्याने मिस्त्रींनी मला पाहिलं. म्हणजे समोर होतोच, पण त्या दिवशी पाहिलं. आतल्या कडांवरून त्यांची नजर फिरली आणि त्यांनी विचारलं, "यात काय काय बसवणार?"

लेकीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. चार महिन्यांत तो त्यांचा पहिला प्रश्न होता.

मग रोज संध्याकाळी निवडानिवड सुरू झाली. ती कागद पुढे धरायची आणि एकेक भाग समजावून सांगायची. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा, तो गेल्या पिढीचा घेतला तर स्वस्त पडतो. मिस्त्री म्हणाले, घे, गेल्या वर्षीचं प्लायवूड काही कुजत नाही. रॅमची एक मोठी पट्टी घ्यायची की दोन लहान, तर दोन, कारण जोडीने ओझं वाटलं जातं. दिवे लागणारे पंखे त्यांनी एका शब्दात उडवले. पॉवर सप्लायवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्यावर, मात्र अडले. लेक म्हणाली, तो दिसत नाही, कुणाला कळतही नाही, तिथे काटकसर करू. मिस्त्रींनी मान हलवली.

"बिजागरीत काटकसर करायची नाही. कपाट पडतं ते तिथूनच."

पॉवर सप्लाय चांगला आला. एवढी वाक्यं एका दमात ऐकून आई दाराआड जाऊन रडली. मला दिसलं, कारण माझं तोंड त्या बाजूला होतं. मला वाईट वाटलं असं म्हणावं, तर तसं काही वाटलं नाही. नुसतं दिसलं.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. गेमचं सगळं चित्र तेच रंगवतं आणि यादीतला सगळ्यात महाग भागही तोच. पार्टवाल्याकडे एक वापरलेलं होतं, तीन पंख्यांचं, दणकट आणि स्वस्त, पण लांबलचक. पावणेबारा इंच. तो म्हणाला, डब्यात बसेल का ते नीट मोजून ये, वापरलेला माल मी परत घेत नाही.

तिने घरी येऊन सांगितलं आणि टेप शोधायला वळली. तेवढ्यात मिस्त्री खुर्चीतून उठले, टेबलापाशी आले आणि त्यांनी उजवा हात माझ्या आत घातला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिस्त्रींची वीत प्रसिद्ध होती. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत बरोबर नऊ इंच. कपाटाचं माप ते आधी वितीने घेत, मग टेप लावत, आणि टेप नेहमी वितीच्या बाजूने बोले. गिऱ्हाइकांसमोर हा खेळ ते हौसेने करत. आता तोच हात त्यांनी माझ्या आतल्या भिंतीवर ठेवला, मागच्या कडेपासून पुढच्या पिंजऱ्यापर्यंत. हा पिंजरा म्हणजे पूर्वी हार्ड डिस्क बसवायची पत्र्याची चौकट, माझ्यासोबत जन्मलेली. बोटं पसरली. थंड होती.

"एक वीत. आणि वर चार बोटं, ती तीन इंच. बारा झाले. बसतं."

आईने लेकीला हळूच कोपर लावलं. "टेप लाव एकदा."

"नको," लेक पुटपुटली. झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांनी कुणी न सांगता तो हात कशाला तरी लावला होता. त्यावर टेप लावायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं ठरवण्यासारखं. तिने कार्ड विकत आणलं.

दुसऱ्या दिवशी सगळं माझ्यात बसवलं. मदरबोर्ड बसला, पट्ट्या बसल्या, पॉवर सप्लाय खाली बसला. अकरा वर्षं वाहिलेलं ते ओझं मला ओळखीचं वाटलं. मग तिने कार्ड आत घातलं. त्याचं नाक पिंजऱ्यावर आपटलं. तिरकं करून पाहिलं, उलटं फिरवून पाहिलं. तिसऱ्यांदा आपटल्यावर तिने तोंड मिस्त्रींकडे न वळवता लॅबमधल्या आवाजात सांगितलं की पार्टवाल्यानेच माप चुकीचं दिलं असणार, उद्या ती त्याच्याकडे बघते.

"टेप आण," मिस्त्री म्हणाले.

आई म्हणाली, बघू नंतर, चहा ठेवलाय, आधी तो घेऊ. मिस्त्रींनी तेच दोन शब्द पुन्हा म्हटले. आईने हत्यारांच्या पिशवीतून टेप काढून दिला. त्यांनी डाव्या हाताने कार्ड मोजलं. पावणेबारा. पार्टवाला खरा होता. मग मला मोजलं. साडेदहा. मग त्यांनी टेप टेबलावर लांब पसरला, उजवा हात त्यावर ठेवला आणि जेवढा उघडेल तेवढा उघडला. करंगळीचं टोक कुठे आलं ते तिघांनी पाहिलं. मीही पाहिलं. साडेसात.

"नऊची होती," मिस्त्री म्हणाले.

चहा उकळून भांड्याबाहेर आला तरी कुणी उठलं नाही.

"तुम्ही दोघी रोज सांगता, हात सुधारतोय. कुणी मोजला होता का?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ते खुर्चीत जाऊन बसले. पुढचे दोन दिवस पहिल्यासारखेच गेले, हो आणि नाही एवढ्यावर. कार्ड खोक्यात गेलं. लेकीकडे "दुखणार नाही" याच्या पलीकडे शब्दच नव्हते बहुतेक.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री उठले आणि म्हणाले, "ड्रिल काढ."

लेकीला वाटलं ते कपाटाचं काही करणार. ते माझ्यापाशी आले. बसवलेलं सगळं त्यांनी पुन्हा बाहेर काढायला लावलं, पत्र्याचा चुरा मदरबोर्डावर पडला तर तो जळतो हे तिने मागेच सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. मी पुन्हा रिकामा. पिंजरा मला ज्या खिळ्यांनी जोडलेला होता ते रिव्हेट त्यांनी मोजले. आठ. तो पिंजरा काढला की पुढे चांगली चार इंच जागा मोकळी होणार होती.

"बाबा, मी करू का?"

"नको. डबा तरी कापता येतो."

ड्रिल डाव्या हातात घेतलं. उजवा हात मला धरायला. डाव्याचा जोर मला कळत होता, उजव्याचा मात्र नुसता स्पर्श, कुणी कागद ठेवून जावं तसा. ड्रिल फिरू लागलं. लोक विचारतील, दुखलं का. नाही दुखलं. माझ्यातलाच एक भाग माझ्यातून निघत होता आणि मी तो जाताना बघत होतो. त्या उजव्या हाताला काय वाटत असेल, ते मला तेव्हा बऱ्यापैकी कळलं.

तिसऱ्या रिव्हेटला ड्रिल घसरलं आणि माझ्या तळावर लांब ओरखडा उठला. तो अजून आहे. सहाव्याला माझं सगळं अंग थरथरायला लागलं तेव्हा मिस्त्री थांबले.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"करंगळीला कळलं. थरथर." मग करंगळीकडे बघत म्हणाले, "कदाचित."

लेकीच्या ओठांवर ते रोजचं वाक्य आलं होतं. मला दिसलं. तिने ते गिळलं आणि चुरा पुसायला फडकं घेतलं.

पिंजरा निघाला. कार्ड बसलं. बटण दाबल्यावर माझ्यातले साधे, बिनदिव्यांचे पंखे फिरले आणि पडद्यावर चित्र आलं. मोठा आनंद झाला वगैरे काही नाही. मिस्त्री शर्यतीच्या गेमला बसले. डाव्या हाताने गाडी वळवायची आणि उजव्या हाताचं एक बोट ब्रेकच्या बटणावर ठेवायचं, अशी वाटणी ठरली. ब्रेक वेळेवर लागत नसे. गाडी भिंतीवर, पुन्हा भिंतीवर. लेक जिंकायची. ती मुद्दाम हरू लागली तेव्हा मिस्त्रींनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि तिने ते बंद केलं.

त्यानंतर घरात एक रीत पडली. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी माझं झाकण निघतं. मिस्त्री झाकणाच्या आतल्या बाजूवर उजवी वीत टेकवतात आणि करंगळीच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारतात. पहिली रेघ साडेसातावर आहे. दुसरी तिच्यापुढे एक सूत, सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिसरी आणखी एक सूत. मग चौथी, तीही एक सूत पुढे. चौथी ते पाचवी अंतर नाहीच.

परवाचा रविवार सहाव्या रेघेचा. आई ओट्यापाशी उभी होती. मिस्त्रींनी हात टेकवला आणि बोटं होतील तेवढी ताणली. टेप लेकीच्या हातात होता. तिने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारे डोळे आहेत तिचे, चुकणारे नाहीत.

"साडेसात आणि तीन सुतं," ती म्हणाली. "मागच्या वेळेइतकंच. त्याच्या मागच्या वेळेइतकंच. सरकलं नाही, बाबा."

आईने डोळे मिटले. मिस्त्रींनी पेन्सिल घेतली आणि त्याच जागी, आधीच्या दोन रेघांवर, तिसरी रेघ ओढली.

"आता बरोबर मोजलंस," ते म्हणाले.

मग झाकण लागलं, बटण दाबलं गेलं आणि ते दोघं खेळायला बसले. गाडी भिंतीवर गेली. लेक जिंकली.

मी जुना झालोय. एक दिवस माझ्यातलं कार्ड कमी पडेल, मग प्रोसेसर, आणि कुणीतरी आतलं सगळं काढून मला पुन्हा एखाद्या दाराला टेकवेल. त्याला माझी हरकत नाही. दार अडवायला मी अजून चांगला आहे. फक्त ज्याच्या हाती जाईन त्याने झाकणाच्या आतली बाजू घासू नये. तिथे पेन्सिलच्या सहा रेघा आहेत, त्यातल्या शेवटच्या तीन एकाच जागी. नऊ इंचांपर्यंत त्यातली एकही पोचलेली नाही. पण त्या सगळ्या टेप लावून मारल्या आहेत.