लगेच आलेलं उत्तर

नंदकुमारने दोरीला एक हिसका दिला आणि ती शेजारी बसलेल्या रशीदच्या हातात ठेवली. पंचवीस फूट खाली, न्हावा-शेव्याच्या गढूळ पाण्यात, पाणबुड्या सुभाष नव्या जेटीच्या खांबाचा जोड तपासत होता. वर बार्जवर कंप्रेसर धडधडत होता.

"एक हिसका म्हणजे, ठीक आहेस का, असं विचारायचं. त्याने एक परत दिला की ठीक. चार दिले की वर घ्यायचं."

रशीद वाट बघत राहिला. दोरी हलेना.

"झोपला काय हा खाली?"

"येईल," नंदकुमार म्हणाला.

बऱ्याच वेळाने एक आळशी हिसका आला. रशीद हसला. सुभाषचं हे असंच होतं. हातातलं काम सोडून उत्तर द्यायचं त्याच्या जिवावर यायचं. पण नऊ वर्षं त्याची दोरी धरून नंदकुमारला याच्या पुढचंही काही कळलं होतं. उत्तर उशिरा आलं की सुभाष मजेत असायचा. लगेच आलं की काहीतरी बिनसलेलं असायचं. एकदा त्याचा पाय सळयांत अडकला होता, तेव्हा त्याने चार हिसके दिलेच नाहीत. विचारल्या क्षणी 'ठीक' म्हणून मोकळा झाला. नंदकुमारने त्या घाईवरूनच ओळखलं आणि दुसरा पाणबुड्या खाली सोडला. वर आल्यावर सुभाष म्हणाला, "मी ठीकच होतो की." आपली ही खोड त्याची त्यालाही ठाऊक नव्हती.

रशीदला हे सांगायला हवं होतं. नंदकुमारने तोंड उघडलं, तंबाखूची पिंक खाडीत टाकली आणि पुन्हा मिटलं.

सत्याऐंशी साल होतं. इराण-इराकची लढाई संपायचं नाव घेत नव्हती आणि आखातात जहाजं बुडत होती. ती काढायच्या कामावर तुर्भ्याच्या कंपनीने सुभाषला पाठवायचं ठरवलं. आपली दोरी कोण धरणार हे पाणबुड्याने सांगायचं, अशी या धंद्यातली रीत. सुभाषने रशीदचं नाव दिलं. रशीद उरणचा, तीन वर्षं शारजात काढलेला, अरबी फाडफाड बोलणारा.

"तिकडे बोटीवर बंदूकवाले चढतात नंद्या," सुभाष म्हणाला होता. "तू काय त्यांच्याशी मालवणीत बोलणार?"

कारण बिनतोड होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. नऊ वर्षांच्या संसारात सवत यावी तसं नंदकुमारला झालं, आणि वर सवतीला स्वयंपाक शिकवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

बाकी त्याने काही कमी केलं नाही. जहाजाचं नाव, वकिलातीचा फोन, पासपोर्टाची नक्कल, सगळं वाशीला सुभाषच्या बायकोकडे, मीनाकडे नेऊन दिलं. सुभाष-रशीद दोघांना बजावलं, की टपाल उघडून वाचतात, लढाईचं अक्षरही लिहायचं नाही. हल्ल्याचा भोंगा वाजला की पाण्यात माणूस ठेवायचा नाही. कंपनीच्या टेलेक्सवरून बोटीवर निरोप गेला की दोन दिवसांत उत्तर द्यायचं, तिसऱ्या दिवशी आलं नाही तर मीनाने वकिलातीत फोन करायचा. हे त्याने कागदावर एकाखाली एक लिहून काढलं. लगेच येणाऱ्या उत्तराची ती एक गोष्ट मात्र लिहिली नाही. शोधू दे त्याचं त्याला, असं त्याच्या मनात आलं, आणि दोघं विमानात बसेपर्यंत ते मनातून गेलं नाही.

तीन आठवड्यांनी रेडिओवर बातमी आली की आखातात आणखी एका जहाजावर हल्ला झाला. सकाळीच मीना तुर्भ्याच्या ऑफिसात येऊन बसली. टेलेक्सवरच्या सुनीतीने तिचा निरोप धाडला. कसे आहात, एवढाच.

"आता उद्या-परवा येईल उत्तर," नंदकुमार म्हणाला. "चहा घ्या, मग मी रिक्षात बसवून देतो."

चहा यायच्या आत यंत्र खडखडलं. सुनीतीने कागद फाडून मीनाला दिला.

"मी ठीक. काळजी नको." मीनाने मोठ्याने वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "बघा भाऊजी! लग्नाला सात वर्षं झाली, पहिल्यांदा या माणसाने लगेच उत्तर दिलं. लांब गेल्यावर बायको आठवते ती अशी!"

चहा आला, पण नंदकुमारचा तसाच राहिला. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे त्या कागदावर होतं. लगेच आलं तर काय करायचं, ते नव्हतं.

मीना कप विसळायला मोरीकडे गेली तसा तो सुनीतीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"रशीदच्या नावाने पाठव. लिही, सुभाष लगेच ठीक म्हणाला तर तो ठीक नसतो. खाली सोडू नकोस. खाली असेल तर वर घे. नंदू."

सुनीतीने वळून पाहिलं. "म्हणजे?"

"आहे तसं लिही. लवकर."

सबंध कंपनीत फक्त त्यालाच माहीत असलेलं, त्याचं स्वतःचं असं तेवढंच होतं. ते दहा बोटांनी बडवलं जाताना तो बघत उभा राहिला. हे तीन आठवड्यांपूर्वी करायचं होतं, आणि केलं नाही, कारण आपण जळत होतो. सुभाषला काही झालं असेल तर ते आपण केलं. तो खिडकीपाशी गेला, परत आला. मीनाने कप पालथे घातले, पर्समधला तो कागद काढून पुन्हा वाचला.

वीस मिनिटांनी उत्तर आलं.

"नंदूभाई, म्हायती हाय. काल इचारायच्या आत ठीक बोलला. मला खरं नाय वाटलं. वर घेतला. खाली नको ती वस्तू व्हती. याचे हात अजून कापतात. माझ्या बाजूला बसलाय, आता पान्यात सोडत नाय. वयनीला बोलू नको. रशीद."

नंदकुमारचा जीव भांड्यात पडला. नको ती वस्तू म्हणजे सुरुंग, पण सुभाष वर होता, बोटीवर होता. त्याने डोळे पुसले, निरोप परत पहिल्यापासून वाचला, आणि या वेळी पहिल्याच ओळीशी अडखळला. म्हायती हाय. तीन आठवड्यांत. त्याला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

"कुणाचं आलं?" मीना जवळ आली. "ह्यांचंच?"

"रशीदचं." त्याने कागद घडी करून खिशात घातला. "सुभाषला विश्रांती दिलीय म्हणतो. रशीद सोबत आहे."

"फार चांगला माणूस मिळाला हो ह्यांना. ह्यांच्या पत्रातही सारखं रशीद, रशीदच असतं." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि तुमचा चेहरा असा का उतरलाय? तुम्ही ठीक आहात ना, भाऊ..."

"ठीक," नंदकुमार म्हणाला.

मीनाने समाधानाने पर्स खांद्याला लावली आणि रिक्षा बघायला दाराकडे निघाली. सुनीतीने मात्र कळांवरचे हात उचलले आणि त्याच्याकडे बघत राहिली.