पक्की केलेली दुरुस्ती

रुग्णालयाच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मुख्य संगणकावर, प्रणालीची नवी दुरुस्ती आधी नुसती लावायची, आठवडाभर पारखायची आणि मगच पक्की करायची, असा शिरस्ता होता. लावलेली काढता येते, पक्की केलेली नाही. मामाच्या हाताखाली काम करणाऱ्या भाचीने आज सकाळी घाईत दोन्ही एकदम उरकलं, आणि भर दुपारी रक्तपेढीची यादी पडद्यावर उघडेनाशी झाली. वर शस्त्रक्रिया चालू होती.

शेजारी बसलेल्या मामाला तिने कसंबसं सांगितलं, "मामा, मी पक्कीसुद्धा केली."

"लग्न पक्कं करायला तीन वर्षं लावलीस, आणि हे सकाळीच?" मामा हसला, मग यादी उघडत नाही हे पाहून त्याचा चेहरा उतरला.

फोन वाजला, तो भाचीने उचलला. वरून डॉक्टर विचारत होत्या, "टेबलावरच्या पेशंटसाठी राखलेलं रक्त कुठल्या कप्प्यात आहे?"

"तुझी घाई ठाऊक होती, म्हणून सकाळीच अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली होती," मामा पुटपुटला. "पण ती परत चढायला अकरा मिनिटं लागतील." त्याने लगेच नक्कल चढवायला घेतली, आणि भाचीने फोनवर तसं सांगितलं.

"लवकर करा," डॉक्टर म्हणाल्या.

भाचीने फोन कानाशी धरूनच देवाचं नाव घेतलं. डोळे मिटायचा धीर झाला नाही. दहाव्या मिनिटाला यादी उमटली.

"सातवा कप्पा," ती म्हणाली, आणि खात्रीसाठी तिने पुन्हा एकदा वाचलं.